दार कुणी लावायचं?

डोंबिवलीला समुद्रकिनारा नाही, पण भरती आहे. नव्या भाडेकरूला हे सांगावं लागतं. पश्चिमेला मोठागावच्या रेतीबंदरावर जाऊन उभं राहा, दिवसातून दोनदा खाडीचं पाणी उलटं चढताना दिसेल. ते कल्याणच्या दुर्गाडीपाशी पोचतं आणि पुढेही जातं. १६५७ साली कल्याण-भिवंडी घेतल्यावर शिवाजी महाराजांनी याच खाडीच्या काठी गलबतं बांधायला घेतली, म्हणजे तेव्हाच्या राज्यकर्त्यांना खाडी कुठे आहे ते ठाऊक होतं. आजच्या राज्यकर्त्यांना ती ‘राष्ट्रीय जलमार्ग ५३’ म्हणून ठाऊक आहे. कागदावर डोंबिवलीला जेट्टीही आहे. बोट वाटेत असावी.

पावसाळा तोंडावर आला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ न चुकता येतो. हॉलंडमधलं रॉटरडॅम, त्याच्या खाली समुद्राच्या वाटेवर मेसलांटकेरिंग नावाचा अजस्र दरवाजा. दोन्ही काठांवरून पांढऱ्या रंगाच्या दोन कमानी तरंगत निघतात, ३६० मीटर रुंद पात्राच्या मध्यावर भेटतात, पोटात पाणी भरून घेतात आणि तळाशी जाऊन बसतात. समुद्र बाहेर, शहर आत. मागे वीररसाचं संगीत. खाली ओळ ठरलेली: ‘त्यांना जमतं, आपल्याला का नाही?’ मग अंगठ्यांची रांग. मग कुणीतरी ‘मोठागावच्या खाडीला असंच गेट हवं’ असा ठराव मांडतं आणि दुसऱ्या दिवशी ग्रुप पुन्हा पार्किंगच्या भांडणाकडे वळतो.

यंदा ठरवलं, ठरावाला नुसता अंगठा दाखवायचा नाही, विचार करायचा.

पहिला प्रश्न, हे दार अडवणार कुणाला? नेहमीच्या उधाणाला नव्हे. उधाण पंचांगात असतं. पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरच्या भरत्यांची यादी मुंबई महापालिका आधीच छापून मोकळी होते. दार असतं ते वादळानं लोटलेल्या जादा पाण्यासाठी. हवेचा दाब एका मिलिबारनं उतरला की समुद्र साधारण एक सेंटिमीटर वर येतो, तो भाग किरकोळ. खरं काम वारा करतो. उथळ किनाऱ्यावर तो पाणी ढकलत आणतो आणि खाडीचं तोंड दिसलं की आत कोंबतो. हे पाणी ऐन उधाणाच्या भरतीवर येऊन बसलं की किनाऱ्याची हद्द बदलते.

असं वादळ आमच्याकडे येतं का? ३ जून २०२० ला निसर्ग श्रीवर्धनजवळ आदळलं आणि मुंबई-ठाणे थोडक्यात वाचले. पुढच्याच वर्षी १७ मे रोजी तौक्ते समुद्रातून बाजूनं निघून गेलं, तरी कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचा वारा मोजला गेला. त्याआधी २००९ चं फयान, त्याआधी १९४८ चं. आणि एक १८८२ चं. त्यात मुंबईत लाख माणसं गेली असं कितीतरी ठिकाणी छापलेलं आहे. हवामानाच्या अभ्यासकांनी त्या काळच्या नोंदी उलटसुलट तपासल्या, तर त्या वादळाचा पत्ताच नाही. न झालेल्या वादळाचे मृतांचे आकडे आपल्याकडे पक्के आहेत. झालेल्या पुराच्या पूररेषेवर मात्र अजून हरकती-सूचना चालू असतात.

आता दार कुठे बसवायचं ते बघू. मोठागावला बसवून चालणार नाही. तसं केलं तर डोंबिवली आत आणि दिवा-मुंब्रा-कळवा बाहेर. त्यांनी आपल्याला लोकलमध्ये घुसू दिलं नाही तर बोलायची सोय नाही. म्हणजे दार खाली, वसईच्या खाडीच्या तोंडाशी, भाईंदर-नायगावजवळ. पण ही खाडी ज्या उल्हास नदीची, ती मोठी हुशार बाई. ठाण्याजवळ तिला दोन वाटा आहेत. मोठी वाट वसईकडे आणि एक चिंचोळी ठाण्याच्या खाडीकडे. वसईचं दार लावलं तर पाणी मुंबई बंदर, वाशी, ऐरोली करत मागच्या दारानं येईल. मग तिथेही दार. तिथे २०१५ पासून रोहित पक्ष्यांचं अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर स्थळ. रोहित येतात ते भरती-ओहोटीनं उघडझाप होणाऱ्या चिखलासाठी. चिखलाची उघडझाप थांबली तर ते येणार नाहीत आणि नवी मुंबईतल्या फ्लॅटच्या जाहिरातीतलं चित्र बदलावं लागेल.

डच लोकांपुढेही असाच पेच आला होता. १ फेब्रुवारी १९५३ च्या पहाटे उत्तर समुद्र बांध फोडून आत आला आणि १,८३६ माणसं गेली. त्यानंतर त्यांनी खाड्यांची तोंडं बुजवायचा सपाटा लावला. ऑस्टरस्केल्ड खाडीची पाळी आली तेव्हा कालवं-शिंपल्यांवर जगणारे कोळी आणि पर्यावरणवाले रस्त्यावर उतरले. सरकारनं आराखडा बदलला. सलग बांधाच्या जागी ६२ पोलादी दरवाजे आले, एरवी उघडे, वादळात बंद. खर्च वाढला, मुदत वाढली, १९८६ साली काम पुरं झालं. कोळ्यांचं ऐकून समुद्राचा आराखडा बदलणारं सरकार म्हटल्यावर वाढवण बंदराला कोळ्यांनी केलेला विरोध वर्षानुवर्षं पाहिलेल्या पालघरच्या माणसाला हे परीकथेसारखं वाटेल. मला तर पार वाटलं.

पण खरी गोम पुढेच आहे, आणि व्हिडिओत ती कधीच दिसत नाही. डोंबिवलीचं मोठं पाणी समुद्राकडून येत नाही, ते बोरघाटाच्या डोंगरातून येतं. २६ जुलै २००५ आठवा. दुपारी २ वाजून ५० मिनिटांनी मुंबईला ४.४८ मीटरची भरती होती आणि साधारण त्याच सुमाराला आभाळ फाटलं. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर. इकडे कर्जत, बदलापूर, कल्याण करत उल्हास काठ सोडून निघाली. २७ जुलै २०१९ ला तिनं वांगणी-बदलापूरच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस हजारभर प्रवाशांसकट अडवून ठेवली. नौदल आणि आपत्ती दलाच्या होड्या रुळांवर आल्या. आगगाडीचा तो एवढा एक प्रवास राष्ट्रीय जलमार्गानं झाला म्हणायचा.

अशा दिवशी खाडीच्या तोंडाशी दार लावलं तर समुद्र बाहेर राहतो आणि नदी आत. मोरीला बूच लावून नळ चालू ठेवल्यासारखं. चिपळूणकरांना विचारा. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीच्या महापुराला भरतीनं वाट दिली नाही, आणि तिथे तर दारही नव्हतं, नुसती भरतीच बूच झाली होती.

म्हणून नदीच्या मुखावरचं दार बांधताना सगळी अक्कल दाराच्या पोलादात घालून भागत नाही. ते लावायची वेळ ठरवण्यात अर्धी अक्कल जाते. लंडनची माणसं टेम्स नदीवरचं दार पाणी चढल्यावर लावत बसत नाहीत. ओहोटी तळाला गेली की लावतात. दाराच्या आत पात्र रिकामं राहतं आणि वरून येणाऱ्या नदीला काही तास पसरायला जागा मिळते. बाहेर भरती येऊन धडका मारून जाते, पुन्हा ओहोटी लागली की दार उघडतात आणि साठलेली नदी सोडून देतात. २०१३-१४ च्या एका हिवाळ्यात हे दार ५० वेळा बंद करावं लागलं, आणि त्यातल्या बऱ्याच वेळा समुद्रासाठी नाही तर वरून फुगलेल्या टेम्ससाठी. सिंगापूरनं २००८ मध्ये मरीना बराज बांधलं तेव्हा ९ दरवाज्यांच्या जोडीला ७ राक्षसी पंप बसवले. ओहोटीत दरवाजे उघडून पाणी फुकट जातं, भरतीत पंपानं विकत फेकावं लागतं.

भरतीत आतलं पाणी बाहेर काढायचं दुखणं मुंबईला तर अडीचशे वर्षांपासूनचं आहे. वरळी आणि महालक्ष्मीच्या मधून समुद्र आत घुसायचा तो थेट पायधुणीपर्यंत. गव्हर्नर हॉर्नबीनं तिथे बांध घातला, १७८४ च्या सुमाराला तो पुरा झाला. बांध सारखा ढासळायचा, मग रामजी शिवजी प्रभू यांच्या स्वप्नात महालक्ष्मी आली, समुद्रातून मूर्ती काढल्या आणि बांध टिकला अशी कथा आहे. कंपनी सरकारची मंजुरी नव्हती असंही सांगतात. देवीची परवानगी होती, लंडनची नव्हती, तरी काम पुरं झालं. हल्ली दोन्ही परवानग्या असून होत नाही. पण बांधाच्या आत जी सखल जमीन तयार झाली तिचं पावसाचं पाणी जायचं कुठून? लव्हग्रोव्हला आज बसलेला पंप म्हणजे त्या बांधाच्या उत्तरार्धाचं बिल. हाजी अली, इर्ला, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, गझदरबंध ही त्याची भावंडं. मुंबईच्या पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याचा ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवाल १९९३ चा, आणि मोगरा-माहुलच्या पंपांसाठी अख्खी पिढी वाट बघत म्हातारी झाली.

तर ग्रुपवरच्या ठरावात एवढी भर घाला: दोन दारं, त्यांच्या मागे पंप, आणि ओहोटीचा मुहूर्त साधून ते लावणारा माणूस.

हा माणूस कुठून आणायचा, इथे माझी गाडी अडली.

मेसलांटकेरिंगला दार लावायचा निर्णय माणूस घेतच नाही, संगणक घेतो. रॉटरडॅमला पाणी ३ मीटरवर जाणार असा अंदाज आला की त्यानं बंद करायचं. दार बांधलं १९९७ साली. तो आकडा खरोखर गाठला म्हणून ते आपणहून बंद झालं ते पहिल्यांदा डिसेंबर २०२३ मध्ये. मधली २६ वर्षं डच सरकार दर सप्टेंबरला ते लावून, उघडून, तपासून ठेवत होतं. लोक सहकुटुंब बघायला येतात म्हणे. ज्या वस्तूवर २६ वर्षं आपणहून लागायची वेळ आली नाही तिला दरवर्षी तेलपाणी! आमच्याकडे असा खर्च पहिल्याच वर्षी लेखापरीक्षणात सापडला असता. ‘सदर दरवाजाचा उपयोग न झाल्याने तेलाचा खर्च अनाठायी.’ दुसऱ्या वर्षी कमानीखाली वडापावची गाडी. पाचव्या वर्षी कमानीवर वाढदिवसाचे फलक. दहाव्या वर्षी कमान कुणाच्या हद्दीत येते यावर महापालिका, मेरीटाइम बोर्ड आणि एमएमआरडीए यांच्यात पत्रव्यवहार, आणि त्या पत्रव्यवहाराला मात्र भरती-ओहोटी नाही, तो एकाच पातळीवर वाहता.

अतिशयोक्ती वाटते? कोपर पूल सप्टेंबर २०१९ मध्ये बंद झाला आणि सप्टेंबर २०२१ मध्ये उघडला. रुळांवरचा पूल तो, जागचा हलायचंही काम नाही त्याला. नुसतं उभं राहायला दोन वर्षं लागली. हलणारी वस्तू आमच्या हाती द्या, मग बघा.

आणि निर्णय चुकला तर? व्हेनिसनं समुद्रतळाशी ७८ दरवाजे पसरून ठेवले आहेत. हवा भरली की ते उठून उभे राहतात. काम सुरू २००३ ला, मध्ये २०१४ मध्ये लाचखोरीच्या प्रकरणात ३५ जणांना अटक, त्यात खुद्द शहराचे महापौर. (ही बातमी वाचताना डोंबिवलीकराला परदेशी गेल्यासारखं वाटतच नाही.) ३ ऑक्टोबर २०२० ला दरवाजे पहिल्यांदा वादळाला उभे राहिले, पाणी अडलं, जयजयकार झाला. ८ डिसेंबरला अंदाज कमी आला म्हणून ते उभे केलेच नाहीत आणि सान मार्कोचा चौक पाण्यात गेला. म्हणजे कोट्यवधी युरोंचं दार समुद्रात, आणि पूर मात्र एका चुकलेल्या आकड्यामुळे घरात. आमच्याकडे तर आकडा बरोबर आला तरी सही कुणाची हा प्रश्न. २०२० मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेची मुदत संपली, त्यानंतर पाच वर्षं निवडणूकच नव्हती. भरती मात्र प्रशासकाची वाट न बघता रोज दोनदा येत राहिली.

आता असं नाही की भरतीला दार लावायची विद्या आपल्याला नव्हती. अलिबाग-पेणच्या खारेपाटात जा. खाडीकाठानं मातीचा बांध, मागे भातशेती, आणि बांधात जागोजागी उघाडी. उघाडी म्हणजे वरून बिजागरीवर टांगलेली झडप. बाहेर भरती चढली की पाण्याच्याच दाबानं ती मिटते. ओहोटी लागली की आतल्या पावसाच्या पाण्याच्या दाबानं ती उघडते. वीज नाही, संगणक नाही, सही नाही. गोव्याच्या खाजणात हीच वस्तू मानस म्हणून नांदते आणि तिथल्या गावकऱ्यांनी तिच्यावर शतकं काढली. टेम्सच्या दाराची ओहोटीची युक्ती या झडपेला जन्मतः येते, कारण तिला दुसरं काही येतच नाही.

तिच्याभोवतीचं माणसांचं गणितही पक्कं होतं. खेकडा बांधात बीळ करतो, बिळातून पाणी झिरपतं, झिरपता झिरपता खांड जाते. खांड लहान असताना चिखल-पेंढ्यानं बुजवली तर ठीक, पुढचं उधाण आलं की ती होडी जाईल एवढी होते आणि एकदा खारं पाणी शेतात बसलं की दोन-तीन वर्षं भाताचं नाव नको. म्हणून ज्यांची शेतं त्यांनी मिळून बांध राखायचा, याला जोळ म्हणायचे. रात्री खांड गेली तर रात्रीच माणसं जमा. पुढे १९४८ चा खार जमिनीचा कायदा आला, मग १९७९ चा महाराष्ट्र खारभूमी विकास अधिनियम, आणि बांधाची जबाबदारी सरकारकडे सरकत गेली. सरकारकडे खेकड्यांसाठी रात्रपाळी नसते. खांड गेली की प्रस्ताव जातो, प्रस्ताव जाऊन येईपर्यंत चार उधाणं होतात. काही ठिकाणी तर भरतीबरोबर तिवरांच्या बिया आल्या, भाताच्या शेतात कांदळवन उभं राहिलं, आणि ते तोडायला आता कायद्याची बंदी. बंदी योग्यच आहे. पण गंमत बघा, अलिबागला शेतकऱ्याला नको असताना तिवरं उगवतात आणि आमच्या देवीच्या पाड्यापासून कोपरपर्यंत हवी असताना ती रात्री येणाऱ्या डंपरच्या भरावाखाली जातात. २०१८ मध्ये उच्च न्यायालयानं कांदळवनाची तोड हा जगण्याच्या हक्कावरच घाला ठरवला. डंपरवाला निकालपत्र वाचत नाही. भरावावर चाळ उभी राहते, चाळीची सात मजली होते, आणि कल्याण-डोंबिवलीत बनावट कागदांवर उभ्या राहिलेल्या ६५ इमारतींसारखी ती न्यायालयात गेली की घर घेणारा रडतो. लाटेचा जोर मोडणारं, पगार न घेणारं एकमेव खातं आपण असं भरावाखाली गाडलं.

म्हणून माझा ठराव लहान आहे. वसईची दारं आपल्या नातवंडांसाठी राहू द्यात. तूर्त डोंबिवली पश्चिमेचे जे नाले खाडीला मिळतात त्यांच्या तोंडावर झडपा बसवा. उधाणाच्या दिवशी पाऊस लागला की हेच नाले उलटे वाहतात आणि राजूनगर, गणेशनगर, कुंभारखाणपाड्यात पाणी गटारातून वर येतं. झडपेनं नदीचा पूर थांबणार नाही, २००५ तर मुळीच नाही. पण वर्षातल्या त्या पाच-दहा रात्री लोकांना गाद्या माळ्यावर टाकायला लागणार नाहीत. फार मोठा खर्च नाही. अडचण एकच, झडपेच्या फटीत थर्माकोल, शहाळं नाहीतर निर्माल्याची पिशवी अडकली की ती मिटत नाही आणि मग ती असून नसल्यासारखी. तेव्हा दर ओहोटीला खाली उतरून पिशवी काढणारा एक माणूस हवा, त्याला गमबूट हवेत, पगार वेळेवर हवा, आणि हे सगळं दरवर्षीच्या अंदाजपत्रकात हवं.

हा ठराव आमच्या एका माजी नगरसेवकांना ऐकवला. त्यांना झडप पसंत पडली, माणूस पसंत पडला नाही. झडपेला कोनशिला लागते, माणसाला लावता येत नाही. तरी ते तयार झाले. फक्त उद्घाटनाला मंत्री आणायचे म्हणाले. मी म्हटलं, बेलाशक आणा, पण झडप ओहोटीतच दिसते, मुहूर्त पंचांगातल्या भरतीच्या वेळा बघून काढावा लागेल. ते म्हणाले, साहेब नेहमी दोन-तीन तास उशिरा येतात. मग मंडप जरा उंचावर घाला, म्हटलं.